तरुण पुरुष आणि लैंगिक संसर्ग : धोका कसा ओळखावा, बचाव कसा करावा

उत्तर भारतात रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने त्या भिंती पाहिल्या आहेत. शहर जवळ येऊ लागले की रुळांलगतच्या घरांवर, गोदामांवर, पुलांच्या कमानींवर चुन्याने रंगवलेली मोठी अक्षरे दिसू लागतात : गुप्तरोग, धातुदुर्बलता, नामर्दी, खात्रीशीर इलाज. खाली एखाद्या हकिमाचा किंवा वैद्याचा पत्ता असतो आणि आठवड्यातील ठरावीक वार दिलेला असतो. झाशी हे तर मोठे जंक्शन आहे. येथून चारही दिशांना गाड्या जातात आणि प्रत्येक दिशेला अशी एखादी भिंत भेटतेच. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ या कायद्याने लैंगिक संसर्गाच्या व लैंगिक दुर्बलतेच्या इलाजाची अशी जाहिरात करण्यास बंदी आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला, भिंतींवरचा रंग मात्र अजून ताजा आहे. याचे कारण उघड आहे. ज्या विषयावर घरात कोणी बोलत नाही, शाळेत शिक्षक ज्याचे पान उलटून पुढे जातात, त्या विषयावर तरुण मुलाशी बोलणारी भिंत तेवढी उरते.

हे पत्रक त्या भिंतीऐवजी वाचावे, यासाठी लिहिले आहे. झाशीत मराठी घरे पेशवाईपासून आहेत, आणि नोकरी-व्यवसायानिमित्त नव्याने आलेलीही आहेत. बाहेर हिंदी आणि घरात मराठी अशा या घरांतील तरुणांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. आजाराचे नाव आजीच्या तोंडी एक असते, दवाखान्यातील चिठ्ठीवर दुसरे आणि मित्रांच्या बोलण्यात तिसरे. म्हणून आधी शब्दांचा उलगडा करू.

शब्दांचा घोळ

मराठीत ज्याला गरमी किंवा उपदंश म्हणतात, तोच हिंदीतील आतशक आणि डॉक्टरांच्या भाषेतील सिफिलिस. मराठीतील परमा म्हणजे हिंदीतील सुजाक आणि डॉक्टरांचा गनोरिया. जननेंद्रियावर जखम झाली की तिला चट्टा म्हणत. जांघेत गाठ आली की तिला बद म्हणत. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात उपदंशासारख्या एका नव्या रोगाचे वर्णन ‘फिरंग रोग’ या नावाने आले आहे. तो फिरंग्यांबरोबर आला, असा त्या नावाचा अर्थ. युरोपातही प्रत्येक देशाने या रोगाला शेजारच्या देशाचे नाव दिले होते. आजार आपला नव्हे, परक्याचा, ही समजूत अशी जुनी आणि सर्वत्र सारखी आहे.

‘गुप्तरोग’ हा शब्द आपण शक्यतो टाळावा. रोग शरीराच्या झाकलेल्या भागी होतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ असला तरी ऐकणारा त्यातून ‘गुप्त ठेवण्याजोगा रोग’ असा अर्थ घेतो, आणि तेथेच नुकसान सुरू होते. या पत्रकात ‘लैंगिक संसर्ग’ असा शब्द वापरला आहे. शरीरसंबंधातून एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाणारे जिवाणू, विषाणू व परजीवी यांमुळे होणारे ते संसर्ग होत. तीसहून अधिक जंतू या मार्गाने पसरू शकतात. त्यांपैकी चार, म्हणजे उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास, औषधाने पूर्ण बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभर या चार संसर्गांची सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे घडली. दुसऱ्या चारांवर, म्हणजे एचआयव्ही, कावीळ ‘ब’, जननेंद्रियावरील हर्पिस आणि मानवी पॅपिलोमा विषाणू यांवर, समूळ नष्ट करणारे औषध नाही; त्यांना आवर घालता येतो, आणि त्यांतील दोहोंसाठी लस आहे.

धातू जाणे हा लैंगिक संसर्ग नव्हे

दवाखान्यात येणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांना मुळात कोणताही संसर्ग झालेला नसतो. ते येतात ‘धात जाते’ म्हणून. झोपेत वीर्यपात झाला, शौचाच्या वेळी जोर दिल्यावर दोन थेंब चिकट पदार्थ आला, लघवी पांढुरकी दिसली, आणि शरीरातील शक्तीच गळून चालली, अशी त्यांची खात्री होते. अन्न लागत नाही, झोप येत नाही, अभ्यासात लक्ष राहत नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. हा काळजीचा आजार आहे; वीर्य गेल्याने होणारा आजार नव्हे. वीर्य सतत तयार होते आणि बाहेरही पडते. स्वप्नावस्था आणि हस्तमैथुन यांमुळे दुर्बलता येत नाही, रक्त आटत नाही, पुढे मूल होण्यास अडथळा येत नाही. लघवी कधी पांढुरकी दिसते ती बहुधा तीतील फॉस्फेट क्षारांमुळे.

मग संसर्गाचा स्राव कसा ओळखावा? तो लैंगिक उत्तेजना नसतानाही येतो, पांढरट-पिवळट किंवा हिरवट पू असतो, आतल्या कपड्यावर डाग पाडतो आणि बहुतेक वेळा लघवीच्या सुरुवातीला जळजळ होते. ही खूण असेल तर तपासणी करून घ्यावी. ती नसेल आणि तरी मन स्वस्थ नसेल, तरीही समुपदेशकाकडे जावे; आपल्याला कोणी हसणार नाही. भिंतीवरच्या हकिमाचा व्यवसाय मुख्यत्वे याच निरोगी तरुणांच्या भीतीवर चालतो, हे ध्यानात ठेवावे.

लक्षणे, आणि लक्षणांचे फसवे जाणे

परमा सहसा संबंधानंतर दोन ते सात दिवसांत दिसतो. क्लॅमिडियाला एक ते तीन आठवडे लागतात आणि त्याचा स्राव पातळ, पाण्यासारखा, सहज दुर्लक्ष होईल असा असतो. दोन्ही आजार अंगावर काढल्यास संसर्ग वृषणांपर्यंत चढतो, तेथे सूज व वेदना होतात, मूत्रमार्ग अरुंद होतो आणि मूल होण्याची क्षमता बाधित होऊ शकते. (एक सावधगिरी : वृषणात अचानक, काही मिनिटांत वाढणारी तीव्र कळ आली तर ती संसर्गाची नसून वृषणाला पीळ पडल्याची असू शकते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच वृषण वाचण्याची चांगली आशा असते.)

उपदंशाचे वागणे याहून कपटी आहे. संसर्गानंतर दहा ते नव्वद दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, शिश्नावर, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात एक जखम उमटते. तिच्या कडा कठीण असतात आणि ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून तरुण निश्चिंत राहतो. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरून येते आणि तो सुटकेचा नि:श्वास टाकतो. मधल्या काळात कोणी मलम दिले असेल तर त्या मलमाची कीर्ती होते. प्रत्यक्षात जंतू रक्तात गेलेले असतात. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते, तेही न खाजणारे, आणि विशेष म्हणजे तळहात व तळपायांवर. तेही मावळते. त्यानंतर वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही, आणि मग काही रुग्णांत हृदयाची मोठी रक्तवाहिनी, मेंदू किंवा डोळे यांवर घाला येतो. ज्या तीन वेळी आजार ‘गेला’ असे वाटले, त्या तिन्ही वेळी एका साध्या रक्ततपासणीने तो सापडला असता.

हर्पिसमध्ये बारीक पाणीदार फोड येतात, फुटतात आणि आग होते. ते भरतात आणि पुन्हा येतात. कमरेवर किंवा छातीवर एका बाजूला पट्टा उठतो ती नागीण निराळी. तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे जननेंद्रियावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे मऊ कोंब येतात. जांघेत खाज सुटते ती बहुतेक वेळा गजकर्णाची असते, विशेषतः बुंदेलखंडच्या मे-जूनमधील उन्हात, जेथे दुपारी शहर निखाऱ्यासारखे तापते आणि घामाने कपडे अंगाला चिकटून राहतात. खरूज आणि जांघेतील उवा अंथरुणातूनही येऊ शकतात. प्रत्येक खाजेवर घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि दुकानातून स्टिरॉइडयुक्त मलम आणून चोळण्याचेही नाही. त्याने गजकर्ण चिघळते.

मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षणांच्या यादीत बसत नाही. संसर्ग झालेल्या अनेकांना काहीही होत नाही. क्लॅमिडिया, कावीळ ‘ब’, एचआयव्ही यांत हे नित्याचेच आहे. समोरची व्यक्ती निरोगी, स्वच्छ, चांगल्या घरातील दिसते म्हणून धोका नाही, हा तर्क म्हणूनच चुकीचा ठरतो. आणि तो आपल्यालाही लागू आहे : आपल्याला काही होत नाही म्हणून आपल्याकडून दुसऱ्याला काही जाणार नाही, असेही म्हणता येत नाही.

धोका वागण्यात असतो

झाशीत दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग, ४४ आणि २७ क्रमांकांचे, एकमेकांना छेदतात. लगतच्या बबीना येथे लष्करी छावणी आहे. रेल्वेचे हजारो कर्मचारी येथे राहतात व सतत फिरतीवर असतात. आसपासच्या कोरडवाहू गावांतील तरुण पेरणी आटोपली की दिल्ली, सुरत, मुंबई, पुणे गाठतात आणि सणाला परततात. घरापासून दूर, खोलीत दहाजण, हातात प्रथमच स्वतःचे पैसे, सोबतीला मद्य, आणि विचारणारे कोणी नाही : धोका येथे निर्माण होतो. तो ट्रक चालवल्याने किंवा परगावी राहिल्याने येत नाही. निरोधाविना झालेल्या संबंधाने येतो. मालगाडीच्या गार्डाला आणि महाविद्यालयातील मुलाला जंतू सारखेच मानतात.

पुरुषांनी पुरुषांशी ठेवलेल्या संबंधांविषयीही येथे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण एरवी कोणी लिहीत नाही. गुदमार्गाचे अस्तर नाजूक असल्याने निरोधाविना गुदमैथुनात एचआयव्हीचा धोका योनिमैथुनापेक्षा जास्त असतो, मग जोडीदार स्त्री असो वा पुरुष. मुखमैथुनातून एचआयव्ही क्वचित जातो; परमा, उपदंश व हर्पिस मात्र जातात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढ व्यक्तींचे परस्पर संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. डॉक्टरांना खरे सांगितल्याने आपल्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. खोटे सांगितल्याने तपासणी मात्र चुकीच्या जागेची होईल.

संसर्ग कशाने होत नाही, तेही थोडक्यात : हस्तांदोलन, एका ताटातील जेवण, एकच शौचालय, डास, न्हाव्याने कापलेले केस यांनी एचआयव्ही होत नाही. न्हाव्याकडे दाढी करताना पाते नवे मागावे. रक्त लागलेल्या पात्यातून कावीळ ‘ब’ पसरू शकते. संबंधानंतर लघवी केल्याने, लिंबू किंवा जंतुनाशकाने धुतल्याने संसर्ग टळत नाही. त्वचा भाजते एवढेच. आणि कुमारिकेशी संबंध ठेवल्याने आजार जातो, ही अफवा ऐकली असेल तर ती जागीच खोडून काढावी. तो इलाज नव्हे, तो बलात्कार आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तिच्या होकाराने कायद्यात काहीही फरक पडत नाही.

निरोधाविषयी, तपशिलाने

भारत सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ नावाने रबरी आवरणे अल्प दरात देशभर उपलब्ध केली. ती कुटुंबनियोजनासाठी होती. त्यामुळे आजही कित्येकांना निरोध म्हणजे विवाहितांची, मुले नको असणाऱ्यांची वस्तू वाटते. संसर्गापासून बचाव हा त्याचा दुसरा, तितकाच मोठा उपयोग आहे. मराठी वाचकाला हा विचार नवा वाटू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून याच विषयांवर निःसंकोच मराठीत लिहिले. त्यासाठी त्यांना नोकरी सोडावी लागली आणि खटलेही सोसावे लागले. आज हे पत्रक दवाखान्याच्या मेजावर उघडे ठेवता येते.

निरोध नीट वापरला तरच उपयोगी. पाकिटावरील अंतिम तारीख पाहावी. पाकीट बोटांनी दाबून आत हवा असल्याची खात्री करावी. हवा नसेल तर ते छिद्रलेले आहे. खिशातील बटव्यात महिनोन्महिने ठेवलेले, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या खणात तापलेले पाकीट टाकून द्यावे, कारण उष्णतेने रबर कमकुवत होते. पाकीट दातांनी फाडू नये. शिश्न ताठ झाल्यावर, आणि कोणताही स्पर्श योनी, गुदद्वार वा तोंडाशी होण्यापूर्वी, निरोध चढवावा. टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि तो मुळापर्यंत उलगडत न्यावा. चुकून उलटा लावला असेल तर सुलटा करून पुन्हा वापरू नये; दुसरा घ्यावा. वीर्यपातानंतर लगेच, ताठरपणा असतानाच, मुळाशी कडा धरून बाहेर यावे. गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. शौचकुपात टाकल्यास नळ तुंबतो.

आता तेलाविषयी. घरात खोबरेल असते, येथे मोहरीचे तेलही असते, आणि पेट्रोलियम जेली तर प्रत्येक हिवाळ्यात असते. यांपैकी काहीही निरोधावर लावू नये. तेलाने रबर काही मिनिटांतच विरघळू लागते व तो फाटतो. ओलावा हवा असेल तर पाण्यावर आधारित जेल औषधाच्या दुकानात मिळते. एकावर एक दोन निरोध घातल्याने दुप्पट संरक्षण मिळत नाही. घर्षणाने दोन्ही फाटतात. सरकारी रुग्णालये, आरोग्य केंद्रे व एचआयव्ही तपासणी केंद्रे येथे निरोध विनामूल्य मिळतात. ‘आम्हांला मागायला लाज वाटते’ असे बरेचजण म्हणतात. म्हणूनच अनेक ठिकाणी पेटी दाराजवळ ठेवलेली असते. कोणाला न विचारता घ्यावे.

निरोध झाकतो तेवढेच वाचवतो. हर्पिस, उपदंशाची जखम किंवा कोंब आवरणाबाहेरील त्वचेवर असतील तर धोका उरतो. म्हणून जखम असताना संबंध टाळणे हेच योग्य. लस हा दुसरा आधार आहे. कावीळ ‘ब’ची लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर २०११ च्या सुमारास पोचली, त्यापूर्वी जन्मलेल्यांनी बालपणी ती घेतली नसण्याची शक्यता मोठी आहे. तीन मात्रा लागतात : पहिली, एका महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. मानवी पॅपिलोमा विषाणूची लस मुलांनाही घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस २०२३ पासून बाजारात आहे. संबंध सुरू होण्यापूर्वी घेतली तर तिचा लाभ सर्वाधिक.

दवाखान्यात काय होते

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवले जाते. केसपत्र काढताना कारण मोठ्याने सांगण्याची गरज नाही. ‘सुरक्षा क्लिनिक’ एवढे म्हणणे पुरे. आत समुपदेशक काही प्रश्न विचारतात : शेवटचा संबंध कधी, कोणत्या प्रकारचा, निरोध होता का, औषधाची ॲलर्जी आहे का. प्रश्न चौकशीसाठी नसून औषध ठरवण्यासाठी असतात. त्यानंतर डॉक्टर पडद्याआड तपासतात आणि उपदंश व एचआयव्हीसाठी रक्त घेतले जाते.

औषधे रंगीत पाकिटांत मिळतात, आणि रंगामुळे गोंधळ टळतो. मूत्रमार्गातून स्राव असेल तर करडे पाकीट : ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, दोन्ही एकाच वेळी गिळायचे. न दुखणाऱ्या जखमेसाठी पांढरे, ज्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन असते. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी निळे. हर्पिससाठी लाल. जांघेतील बदेसाठी काळे. पेनिसिलिनच्या आधी उपदंशावर पाऱ्याचे रसकापूर दिले जाई आणि रुग्ण आजाराने की औषधाने खंगला, ते सांगता येत नसे. १९४३ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनने उपदंश प्रथम बरा केला गेला. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी या जंतूला पेनिसिलिन अजून पचवता आलेले नाही. सुरुवातीच्या टप्प्यात एकदाच इंजेक्शन पुरते.

परम्याच्या जंतूची गोष्ट उलट आहे. त्याने पेनिसिलिन पचवले, सिप्रोफ्लोक्सासिनही पचवले. औषधाच्या दुकानात जाऊन ‘जळजळ होते, दोन गोळ्या द्या’ असे सांगणारा प्रत्येक तरुण या जंतूला पुढचे औषध पचवण्याचा सराव देतो. हीच गोष्ट येथे ज्यांना झोलाछाप म्हणतात त्या बिनपदवीच्या डॉक्टरांची. त्यांच्या सुईचा धोका वेगळा. २०१८ च्या प्रारंभी आपल्याच राज्यात, उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात, तपासणी शिबिरांत चाळीसहून अधिक लोकांना एचआयव्ही आढळला. एकच सुई अनेकांना टोचणाऱ्या अशाच एका माणसावर त्याचा ठपका आला. इंजेक्शन घ्यायचे झाल्यास सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली जावी, हा आग्रह कोणत्याही दवाखान्यात धरावा.

जोडीदाराचा उपचार

नर्सिंगच्या शिक्षणकाळातील एक प्रसंग येथे सांगते. गर्भवती स्त्रियांच्या तपासणी कक्षात मी नोंदी घेत होते. विशीतील एक मुलगी, सहावा महिना. तिची उपदंशाची तपासणी सकारात्मक आली. तिला त्या शब्दाचा अर्थही ठाऊक नव्हता. नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावले तेव्हा तो म्हणाला, “आजार तिला आहे, मला काय विचारता?” बऱ्याच वेळाने त्याने सांगितले की, लग्नाआधी वर्षभर त्याला एक जखम झाली होती, दुखली नव्हती, आपोआप बरी झाली होती. त्या दिवशी दोघांनी इंजेक्शन घेतले. पुढे काय झाले ते मला कळले नाही, कारण माझी नेमणूक बदलली. पण तो बाकावरचा माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही जाणवले. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते.

उपचार न झालेल्या उपदंशामुळे गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते, किंवा आजार घेऊन जन्मू शकते. आईला वेळीच दिलेले पेनिसिलिन हे बहुतांशी टाळते. यासाठी प्रत्येक गर्भवतीची उपदंश व एचआयव्हीसाठी तपासणी केली जाते. परंतु तिच्यावर उपचार झाले आणि पतीवर झाले नाहीत, तर ती पुन्हा बाधित होते.

केवळ स्त्रीला तपासायचे आणि पुरुषाला मोकळे सोडायचे, हा प्रयोग या देशात एकदा होऊन गेला आहे. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याखाली इंग्रजांनी शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी केली, त्यांची सक्तीने तपासणी करवली आणि त्यांना ‘लॉक हॉस्पिटलां’त डांबले. त्यांच्याकडे जाणाऱ्या शिपायांवर अशी कोणतीही सक्ती नव्हती. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. जंतूला दोन शरीरे लागतात. एकावरच उपचार करून तो हटत नाही.

म्हणून उपचार घेताना जोडीदाराला आणावे. आणणे शक्य नसेल तर समुपदेशकाला तसे सांगावे. जोडीदारासाठी चिठ्ठी देण्याची व्यवस्था असते. दोघांचे उपचार झाल्यावर किमान सात दिवस संबंध टाळावा आणि सातव्या दिवशी पुन्हा दाखवावे. कसे सांगावे, हा प्रश्न कठीण आहे. ‘मला दवाखान्यात एक संसर्ग सापडला, त्याचे औषध आपण दोघांनी घ्यायचे आहे’ या एका वाक्याने सुरुवात करता येते. बाकीचे बोलणे नंतर होईल. कधी ते फार कडूही होईल. औषध मात्र त्याआधी पोटात जावे.

एचआयव्हीची तपासणी

ज्याला इतर कोणताही लैंगिक संसर्ग आहे, त्याने एचआयव्हीची तपासणी करून घ्यावीच. जखम किंवा सूज असलेल्या भागातून हा विषाणू सहज शिरतो. एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात ती विनामूल्य होते. संसर्गानंतर काही आठवडे तपासणीत तो दिसत नाही. त्यामुळे अलीकडे धोका पत्करला असेल तर आजचा ‘नकारात्मक’ निष्कर्ष पक्का धरू नये आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. निरोध फाटला किंवा बळजबरी झाली, तर ताबडतोब रुग्णालयात जावे. धोका पाहून डॉक्टर प्रतिबंधक औषध सुरू करू शकतात. ते पहिल्या काही तासांत उत्तम, ७२ तासांनंतर निरुपयोगी, आणि २८ दिवस घ्यावे लागते.

भारतात १९८६ मध्ये मद्रास येथे एचआयव्ही प्रथम आढळला, तेव्हा त्यावर औषध नव्हते. त्या काळातील भीती अजून घराघरांत आहे. वैद्यकशास्त्र मात्र तेथे थांबलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार एआरटी औषधे विनामूल्य देते. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे. बहुतेकांना दिवसातून एक गोळी पुरते. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला संसर्ग जात नाही. अशी माणसे नोकरी करतात, लग्न करतात, त्यांना निरोगी मुले होतात. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे : संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निष्कर्ष उघड करता येत नाही आणि केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा, भाड्याचे घर किंवा उपचार नाकारता येत नाहीत.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी

मुलाच्या खिशात निरोध किंवा करड्या पाकिटाचे कव्हर सापडले, तर आरडाओरडा करण्याआधी क्षणभर थांबावे. निरोध सापडला म्हणजे त्याने स्वतःचा आणि दुसऱ्याचा विचार केला. पाकीट सापडले म्हणजे तो भिंतीवरच्या हकिमाकडे न जाता योग्य ठिकाणी गेला. त्याला आपण रागावलात तर पुढच्या वेळी तो पाकीट अधिक चांगले लपवील, किंवा दवाखान्यात जाणारच नाही. आपल्याला त्याचे वागणे पटले नसेल तर तेही सांगावे, पण उपचार पुरे झाल्यावर. ज्या वडिलांना हा विषय काढणे जमत नाही, त्यांनी हे पत्रक मुलाच्या पुस्तकात ठेवावे. काका, मामा किंवा थोरला भाऊ यांतील एखाद्याला बोलायला सांगावे. किशोरवयीन मुलांसाठी उत्तर प्रदेशात ‘साथिया’ केंद्रे आणि महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिके आहेत. तेथे मूल एकटे गेले तरी चालते.

जो तरुण शिक्षणाला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईला निघाला आहे, त्याला एवढे माहीत असावे की सुरक्षा क्लिनिकची रंगीत पाकिटे, विनामूल्य तपासणी आणि एआरटी तेथेही हीच आहेत. उपचार अर्धवट असेल तर केसपत्र सोबत न्यावे. एआरटी सुरू असेल तर निघण्यापूर्वी केंद्रात सांगून नव्या शहरातील केंद्रात नाव हस्तांतरित करून घ्यावे, म्हणजे एक दिवसही गोळी चुकणार नाही. कोठे जावे हे कळत नसेल, किंवा जाण्यापूर्वी नाव न सांगता कोणाशी तरी बोलायचे असेल, तर १०९७ हा क्रमांक फिरवावा. तो विनामूल्य आहे आणि रात्रीही लागतो.